हँडल मारून घेतलेली गाडी

अहेरीला आजही रेल्वे नाही. सर्वांत जवळचं मोठं स्टेशन बल्लारशा, शंभरेक किलोमीटरवर. तिथून गोंडपिपरी, आष्टीला वैनगंगा ओलांडायची, मग आलापल्लीचं सागवानाचं जंगल, आणि त्यापुढे प्राणहितेच्या काठी अहेरी. पावसाळ्यात दक्षिणेकडे सिरोंचा आणि पूर्वेकडे भामरागड या दोन्ही वाटा नाल्यांच्या मर्जीवर चालत. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे अलीकडच्या वर्षांतही घडलं आहे. अशा मुलखात मधल्या रानात गाडी बंद पडली, तर मदत येणार ती पुढच्या गाडीबरोबर, आणि ती कधी येईल याचा भरवसा कुणी देत नसे. म्हणून इथे जुनी गाडी घेणाऱ्याने रंग, सीट, टप यांची चौकशी नंतर केली. पहिला प्रश्न कायम एकच होता: इंजिन कसं आहे?

या एका प्रश्नाच्या मागे जाताना चांदा-गडचिरोलीच्या जंगलातल्या वाहतुकीचा जवळजवळ पाऊणशे वर्षांचा इतिहास उलगडतो.

मोटार येण्याआधी इथलं ओझं बैलांनी आणि हत्तींनी वाहिलं. अहेरी ही चांदा जिल्ह्यातली सर्वांत मोठी जमीनदारी, आणि या भागातल्या सागवानाचं नाव दूरवर झालेलं. कूपात पाडलेलं लाकूड हत्ती ओढून रस्त्याकाठी आणत आणि पुढे बैलगाड्या. अहेरी तालुक्यातल्या कमलापूरला वनविभागाचा हत्ती कॅम्प अजून आहे. आज लोक तो पाहायला जातात, पण त्या हत्तींच्या आधीच्या पिढ्यांनी लाकूड ओढण्याचीच नोकरी केली. १९४५ साली बल्लारपूरच्या कागद कारखान्याची कंपनी स्थापन झाली. कारखान्याला बांबू हवा होता, आणि एवढा बांबू सतत पोचवायचा तर लॉरीला पर्याय नव्हता. नेमक्या त्याच वर्षी दुसरं महायुद्ध संपलं आणि फौजेला नको झालेल्या हजारो मोटारी भारतात पडून राहिल्या.

त्या ‘डिस्पोजल’च्या गाड्या. अमेरिकी आणि ब्रिटिश फौजांनी मागे ठेवलेले फोर्ड आणि शेवरोले ट्रक, आणि त्यांच्याबरोबर एक छोटं, बिनदाराचं, चारही चाकांना जोर देणारं वाहन: विलीज जीप. सरकारने हा माल लिलावात काढला. ठेकेदार, व्यापारी, जमीनदार, ज्याला जे परवडलं त्याने ते घेतलं. वापरलेल्या गाडीचा बाजार भारतात त्याआधीही होता, पण तो शहरांतल्या साहेबांच्या आणि संस्थानिकांच्या मोटारींचा. कामाची जुनी गाडी सामान्य धंदेवाल्याच्या हाती मोठ्या प्रमाणावर आली ती या लिलावांमुळे.

जीपच्या इंजिनाची कहाणी इथे सांगायलाच हवी, कारण या वाहनाचा पुढचा सगळा लौकिक त्यावर उभा आहे. १९३०च्या दशकाच्या अखेरीस डेल्मर रूस हे अभियंते विलीज-ओव्हरलँड कंपनीत आले, तेव्हा कंपनीचं चार सिलिंडरचं इंजिन ४८ अश्वशक्तीचं होतं आणि पूर्ण वेगात थोडा वेळ चालवलं की बेरिंगं टाकत असे. रूस यांनी नवं इंजिन आखलं नाही. जुनंच इंजिन चाचणीच्या बाकावर तुटेपर्यंत पळवायचं, जे तुटलं ते सुधारायचं आणि पुन्हा पळवायचं, असा क्रम त्यांनी धरला. या खटाटोपातून साधारण २.२ लिटरचं, ६० अश्वशक्तीचं ‘गो-डेव्हिल’ इंजिन तयार झालं. ते पूर्ण वेगात शंभर तासांहून अधिक टिकलं. युद्धकाळात विलीज आणि फोर्ड मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनल्या आणि त्या सगळ्यांत हेच इंजिन होतं. त्यामुळे एका जीपचा पिस्टन दुसरीला बसे, कार्ब्युरेटर तिसरीचा चाले. जंगलातल्या माणसाला ६० अश्वशक्तीपेक्षा ही गोष्ट मोलाची होती.

पण मूळ इंजिन कितीही चांगलं असलं तरी वापरलेली गाडी ही शेवटी वापरलेली गाडीच. हा धडा खुद्द भारत सरकारलाही मिळाला. १९४८ साली काश्मीरच्या लढाईसाठी जीप तातडीने हव्या होत्या. लंडनमधले भारताचे उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी एका फारशा परिचित नसलेल्या परदेशी कंपनीशी दुरुस्त केलेल्या दोन हजार जुन्या जीपांचा सौदा केला. मद्रासच्या बंदरात १५५ जीप उतरल्या आणि तपासणीत त्या वापरण्याजोग्या नाहीत असं आढळलं. संसदेत गदारोळ झाला, अनंतशयनम अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली, आणि अखेर १९५५ साली सरकारने प्रकरण बंद केलं. स्वतंत्र भारतातला पहिला मोठा घोटाळा म्हणून त्याची आठवण निघते. त्याच्या राजकारणावर पुष्कळ लिहिलं गेलं. मुळाशी मात्र माल न पाहता घेतलेल्या जुन्या गाड्या होत्या.

याच सुमारास जीप मुंबईतच जुळू लागली. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने १९४९ मध्ये माझगावला विलीजचे सुटे भाग आणून जीप जोडायला सुरुवात केली. पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी आली. तिच्यातलं ‘हरिकेन’ इंजिन ७०-७५ अश्वशक्तीचं. त्यात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, धूर सोडणारे मात्र खाली ब्लॉकमध्येच राहिले. ही उंच नाकाची जीप महाराष्ट्रातल्या प्रत्येक तहसील कचेरीसमोर पुढची काही दशकं उभी दिसत होती.

नवी जीप सामान्य माणसाला परवडणारी नव्हती. ती वनविभाग, बांधकाम खातं, पोलीस, विकास गट यांच्याकडे येई, खात्याच्या ड्रायव्हरांच्या हातून वर्षानुवर्षं झिजे आणि मग तिच्या फाइलवर ‘निर्लेखित’ असा शेरा पडे. त्यानंतर लिलाव. पन्नासच्या दशकातल्या डिस्पोजल गाड्यांची जागा साठ-सत्तरच्या दशकांत या निर्लेखित सरकारी जीपांनी घेतली, आणि जंगल भागात खाजगी जीप म्हणजे बहुधा एकेकाळची सरकारी जीप, अशीच परिस्थिती राहिली. लिलावात गाडी चालवून बघायला मिळेलच असं नसे. बॅटरी काढलेली, टायर बसलेले, कधी कार्ब्युरेटरही गायब. अशा मुक्या गाडीचं इंजिन ओळखायचं कसं?

त्यासाठी जीपने एक सोय ठेवली होती. पुढच्या बंपरमधल्या भोकातून लोखंडी हँडल आत घालायचं, ते क्रँकच्या टोकाला अडकतं. बॅटरी नसताना गाडी सुरू करायला दिलेली ही सोय मिस्त्र्यांनी तपासणीसाठी वापरली. गाडी न्यूट्रलला, इग्निशन बंद, आणि हँडल सावकाश फिरवायचं. अंगठा मुठीत वळवायचा नाही, तो चारही बोटांच्याच बाजूला ठेवायचा, कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडतं. चार सिलिंडरच्या इंजिनात दर अर्ध्या फेऱ्याला एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन हाताला लागतं. दोन फेऱ्यांत चारही सिलिंडर बोलून जातात. चारही वेळा सारखाच दाब लागला आणि क्षणभर हँडल थोपवून धरलं तरी तो टिकला, तर इंजिनात दम आहे. एका वेळी हँडल सहज निसटलं, तर त्या सिलिंडरचा एक तर व्हॉल्व्ह जळला आहे किंवा रिंगा गेल्या आहेत. दोन्हींतलं काय, तेही कळतं: प्लग काढून त्या भोकातून चमचाभर ऑइल आत सोडायचं आणि पुन्हा फिरवायचं. दाब वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. या परीक्षेला मीटर लागत नाही, वीज लागत नाही. अशी तपासणी शिकलेल्या माणसाच्या तळव्यात जे ज्ञान असतं त्याला कुठल्याही प्रयोगशाळेने मान द्यावा.

गाडी सुरू होत असेल तर पुढच्या परीक्षा. सकाळी थंड इंजिनच सुरू करायला लावायचं. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवलेली गाडी बघायचीच नाही. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. पांढरा धूर थांबतच नसेल आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट. ऑइलचं झाकण उघडलं आणि आतून धक्के देत धूर येऊ लागला, तर मिस्त्री ‘बॅक कॉम्प्रेशन मारतंय’ म्हणतो आणि सौद्याची किंमत तिथेच उतरते. ऑइल प्रेशरचा काटा इंजिन थंड असताना नेहमीच वर असतो. गाडी तासभर पळवून, तापवून, मग तो कुठे राहतो ते पाहायचं. शेवटी चेंबरमधलं थोडं ऑइल काढून उन्हात दोन बोटांत चोळायचं. चकाकी दिसली तर आत कुठेतरी बेरिंग झिजतंय.

एवढी काळजी घेण्याचं कारण खर्चात होतं. हेड आणि रिंगा-बेरिंगांवर भागलं तर ‘हाफ इंजिन’. सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकायचे, क्रँक दहा किंवा वीस थाउ (इंचाचे हजारावे भाग) घासून घ्यायची, तर पूर्ण काम. त्यासाठी ब्लॉक उतरवून चंद्रपूरला किंवा नागपूरला न्यावा लागे. जायचा एक दिवस, कामाचे चार-आठ दिवस, आणि मधेच पाऊस लागला तर हंगामच गेला. तेंदूपत्ता आणि बांबूच्या ठेक्यांना मोजके महिने असतात. त्यात गाडी उभी राहिली की गाडीच्या किमतीपेक्षा मोठा तोटा होई.

हवामानही इंजिनाची परीक्षा घेतं. मे महिन्यात चंद्रपूर जिल्हा देशातल्या सर्वांत तापलेल्या जागांत मोजला जातो, पारा ४७ अंशांपर्यंत चढतो. अशा उन्हात पेट्रोल इंजिनाच्या नळीतच पेट्रोलची वाफ होते, पंप नुसती वाफ ओढत राहतो आणि गाडी चढावर मरते. उपाय सर्वांना ठाऊक होता: पेट्रोल पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं, वाटेत ते भिजवत राहायचं. पावसाळ्यात नेमका उलटा त्रास. नाल्यात शिरण्यापूर्वी पंख्याचा पट्टा उतरवायचा, नाही तर पंखा पाणी उडवून डिस्ट्रिब्युटर भिजवतो आणि गाडी मधल्या धारेत बंद पडते. १९७३च्या डिसेंबरात बाबा आमट्यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा भामरागडचा हा पट्टा वर्षातले कित्येक महिने बाहेरच्या जगापासून तोडलेला असे. त्या काळात त्या बाजूला नेलेली गाडी परत येणं हे इंजिनावर आणि ड्रायव्हरच्या अशा बारीकसारीक कसबांवरच अवलंबून होतं.

फसवणूकही होती, आणि ती जगभर एकाच घाटाची आहे. गिअरबॉक्सचा आवाज दाबायला त्यात लाकडाचा भुसा घालणं ही युक्ती इंग्लंड-अमेरिकेतल्या जुन्या मोटारबाजारातही प्रसिद्ध होती. धूर लपवायला जाड ऑइल, किलोमीटर लपवायला मीटरची केबल सोडलेली, आणि गंजावर ताजा रंग. स्वस्त म्हणून पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळून चालवलेलं इंजिन तर बाहेरून ओळखूच येत नसे. न जळलेलं रॉकेल खाली उतरून ऑइल पातळ करतं आणि बेरिंगं आतल्या आत झिजवतं. नव्या मालकाला ते दोन महिन्यांनी कळे.

हेमलकशाचा प्रकल्प सुरू झाला त्याच वर्षी, १९७३ मध्ये, जगात तेलाचं संकट आलं, पेट्रोल महागलं आणि जीपच्या पोटातलं पेट्रोल इंजिनच नकोसं झालं. महिंद्रच्या ट्रॅक्टर कंपनीत इंटरनॅशनल बी-२७५ या ट्रॅक्टरचं साधारण २.३ लिटरचं डिझेल इंजिन बनत होतं. तेच जीपमध्ये आलं. ही गाडी सावकाश चाले, हादरे, आणि आवाज असा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे. तरी ती विकली गेली, कारण तिचा पंप आणि नोझल दुरुस्त करणारा माणूस ट्रॅक्टर असलेल्या कुठल्याही गावात सापडे. नवी डिझेल जीप न परवडणाऱ्यांनी जुन्या पेट्रोल जीपांतलं इंजिन उतरवून त्यात मॅटाडोर व्हॅनचं डिझेल इंजिन बसवलं. गिअरबॉक्सशी जुळवणारी प्लेट गॅरेजातच कापली जाई. १९८५च्या सुमारास प्यूजो कंपनीच्या २,११२ सीसीच्या डिझेल इंजिनाची एमएम-५४० आली, आणि तीही लिलावांच्या वाटेने यथावकाश खाजगी हातांत उतरली. १९८२ साली गडचिरोली वेगळा जिल्हा झाला होता. पुढे गाड्यांवर एमएच-३३ ही पाटी आली आणि इंजिन बदललं असेल तर ते नोंदपुस्तकात चढवून घेणं हा कागदोपत्री प्रश्न उभा राहिला. चॅसिसवरचा नंबर आणि इंजिनावरचा नंबर पुस्तकाशी ताडून बघणं हे तेव्हापासून हँडल मारण्याइतकंच गरजेचं झालं.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. इथल्या गिऱ्हाइकाने इंजिनाची ताकद विकत घेतली नाही. आपल्या आवाक्यातला हात उघडू शकेल आणि ज्याचा भाग पावसाआधी मिळेल, असं इंजिन त्याने निवडलं. ही कसोटी किती पक्की आहे ते पाहायचं असेल तर जंगलाच्या अगदी दुसऱ्या टोकाकडे, स्पोर्ट्स कारकडे बघावं. अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने जुन्या इंग्लिश धाटणीची उघडी दोन माणसांची रोडस्टर बनवली, तिच्यात इसुझूचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन घातलं. त्याच घराण्याचं इंजिन हिंदुस्तान मोटर्सच्या कॉन्टेसात आणि ॲम्बेसेडरमध्ये होतं, म्हणून ॲम्बेसेडरचा मिस्त्री चिंकाराचं बॉनेट उघडून गोंधळत नाही. गोव्यात १९९८ मध्ये आलेल्या सॅन स्टॉर्म या फायबरच्या छोट्या स्पोर्ट्स कारला मात्र रेनॉचं १,१४९ सीसीचं इंजिन होतं. इंजिन वाईट नव्हतं, युरोपात ते हजारो साध्या गाड्यांत चाललं. पण त्या वेळी रेनॉची एकही गाडी भारतात विकली जात नव्हती. २०१२ साली दाखवलेल्या पुण्याच्या डीसी अवंतीतही रेनॉचंच दोन लिटरचं टर्बो इंजिन होतं आणि इथे रस्त्यावर दिसणाऱ्या रेनॉ गाड्यांत ते नव्हतं. या दोन गाड्यांपैकी एखादी आज जुनी घ्यायची म्हटली तर घेणाऱ्याची झोप इंजिन बिघडण्याने उडत नाही, बिघडल्यावर पुढे काय या विचाराने उडते.

फार महागड्या गाड्यांचीही यातून सुटका नाही. पोर्शेच्या १९९७ नंतरच्या बॉक्स्टर आणि ९११ गाड्यांच्या इंजिनात मधल्या शाफ्टवर एक लहान बेरिंग आहे. ते गेलं की साखळीचा ताळमेळ सुटतो, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि सगळं इंजिन निकामी होतं. अमेरिकेत मालकांनी दावा लावला आणि २०१३ मध्ये कंपनीने तडजोड केली. २००९च्या नव्या इंजिनातून तो शाफ्टच काढून टाकला होता. आता जुनी पोर्शे घेणारा ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्यांत धातूचा चुरा शोधतो. दोन बोटांत ऑइल चोळून चकाकी पाहणारा जीपचा मिस्त्री वेगळं काही करत नव्हता.

अहेरी-आलापल्लीकडे पुढची पिढी महिंद्रच्या कमांडर आणि मार्शलची आली. काळी-पिवळी म्हणून धावणाऱ्या या जीपांत माणसं बसली, टपावर पोती बसली, आणि साध्या डीआय डिझेल इंजिनाने ते सगळं निमूट ओढलं. २००० साली बोलेरो आली आणि तिने जंगलातली सरकारी आणि खाजगी दोन्ही जागा व्यापल्या. मोठा खंड पडला तो १ एप्रिल २०२० रोजी, बीएस-६ नियमांमुळे. नव्या डिझेल गाड्यांत धूर गाळणारे फिल्टर, जागोजागी सेन्सर. कान आणि तळवा यांना इथे थोडंच कळतं. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडून दोषांचे कोड वाचावे लागतात, आणि विकणाऱ्याने आदल्या दिवशी ते कोड पुसले असतील तर तेही ओळखावं लागतं. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला महिंद्रने नवी थार बाजारात आणली. दोन लिटरच्या टर्बो पेट्रोलची १५० अश्वशक्तीची ही गाडी विलीजची थेट वारस, पण तिची बहुतेक गिऱ्हाइकं ती हौसेसाठी घेतात. जुनी थार घेताना टर्बोची, इंजेक्टरची, व्हॉल्व्हवर साचणाऱ्या काजळीची जी चौकशी चालते ती स्पोर्ट्स कारच्या चौकशीसारखीच असते.

आणि लिलावाची जुनी वाट आता बंद झाली आहे. केंद्राच्या नियमानुसार १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होते. संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षेची विशेष वाहनं सोडली तर बाकीच्या गाड्या नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच मोडीत काढाव्या लागतात. पंधरा वर्षं ओलांडलेली खात्याची जीप लिलावात घेऊन, इंजिन बांधून, पुन्हा जंगलात नेणं कायद्याने संपलं. ज्या जुन्या विलीज आणि सीजे-३बी अजून शिल्लक आहेत त्यांना २०२१च्या नियमांनी वेगळी सोय दिली: पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा विंटेज नंबर मिळतो. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात असावी, चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. म्हणून मुंबई-पुण्याचे शौकीन आता मूळ पेट्रोल इंजिनाची जीप शोधत विदर्भाच्या आडगावांत येतात. ज्या जीपांत मॅटाडोरचं किंवा ट्रॅक्टरचं इंजिन बसवलं गेलं, आणि त्या इंजिनामुळेच ज्या आजवर चालत राहिल्या, त्या या नोंदणीला पात्र ठरत नाहीत.